वेणीतला निमोनिया

"माणूस खोटं बोलतो, फोटो बोलत नाही," असं डॉक्टर मला पहिल्याच दिवशी म्हणाले आणि हसू लपवायला मला रुमाल तोंडाशी न्यावा लागला. ज्या माणसाला ते हे ऐकवत होते, त्याचं पोट सात-आठ वर्षं फोटोच्या खोटेपणावरच भरत आलं होतं.

माझा स्टुडिओ होता. मोटार थांब्यासमोर, पत्र्याच्या छपराखाली. आत एक रंगवलेला पडदा: राजवाडा, कारंजं, आणि पायरीवर एक हरीण, जे बघणाऱ्याला बकरीसारखं वाटायचं. खुंटीवर एक काळा कोट. तो कोट घालून अर्ध्या तालुक्याचं लग्न झालं. बारीक माणसाला तो मागून चिमटे लावून बसवायचा आणि जाड्याला नुसता पुढून टाकायचा, पाठ उघडी. टकल्या नवरदेवाच्या डोक्यावर मी पेन्सिलीनं असे केस उगवले आहेत की मुलीकडच्यांनी लग्नानंतर येऊन मला शिव्या दिल्या. देवीचे व्रण पुसले, तिरळे डोळे सरळ केले, एका मेलेल्या म्हाताऱ्याच्या मिटल्या पापण्यांवर उघडे डोळे रेखून त्याला जिवंत केलं. आणि हे गृहस्थ मला सांगत होते की फोटो खोटं बोलत नाही!

गाव चांद्याहून आलापल्लीकडे जाणाऱ्या सडकेवरचं. चंद्रपूरला तेव्हा चांदाच म्हणत. गावाचं नाव सांगत नाही, कारण डॉक्टरांचे काही भक्त तिथं अजून जिवंत आहेत आणि त्यांच्या तब्येती चांगल्या आहेत. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. लाकडाच्या व्यापाऱ्यांनी मिळून एक दवाखाना बांधला होता: चार-पाच खोल्या, एक लांब ओसरी, मागे विहीर. त्यात त्यांनी मुंबईहून एक डॉक्टर आणला आणि डॉक्टरांनी आपल्यामागोमाग एक्स-रेचं यंत्र आणलं. यंत्र आलं तेव्हा त्याला हार घातला, नारळ फोडला. चालवायला माणूस कुठून आणायचा, असा प्रश्न निघाला तेव्हा एक व्यापारी म्हणाला, "आपला फोटोवाला आहे ना! फोटो तो फोटो." चार दिवस डॉक्टरांनी मला शिकवलं. पाचव्या दिवशी मी सरकारी वाटेल अशा खाकी सदऱ्यात शिरलो. काळा कोट स्टुडिओत राहिला. खोटेपणा मात्र माझ्याबरोबर आला, हे पुढे दिसेलच.

गावात वीज नव्हती. ती आरागिरणीच्या इंजिनावर तयार होई आणि एक तार दवाखान्यात येई. पण करवत ओंडक्यात घुसली की आमचा दिवा मंद व्हायचा आणि फोटो फिका पडायचा. म्हणून सोय अशी होती की मी फोटोआधी ओसरीतली घंटा वाजवायची. घंटा ऐकली की गिरणीवाले करवत थांबवायचे, सगळे हातातलं काम टाकून उभे राहायचे, आणि मी रोग्याला ओरडायचो, "दम धर, हालू नको!" खट्. मग पुन्हा घंटा, पुन्हा करवत. बाजारात बसलेल्या बायकासुद्धा सांगायच्या, आज किती फोटो झाले. गिरणीवरचा एक जण मला म्हणाला होता, "भाऊ, तुमची घंटा झाली का आमी बी दम धरून राह्यतो."

यंत्र वाईट होतं असं मी म्हणणार नाही. सागाचा ओंडका पायावर पडून नडगी मोडलेला मजूर आला की ते यंत्र असं काही चोख दाखवायचं की मान लवावी. हाड म्हणजे हाड. पण डॉक्टरांना हाडांत रस नव्हता. त्यांचा जीव छातीवर. त्यांच्या खोलीत भिंतीला एक दुधी काचेची पेटी होती, आत दिवा. तिच्यावर फोटो लटकवायचा आणि समोर पाठीमागे हात बांधून उभं राहायचं, हा त्यांचा दवाखाना. रोगी ओसरीत बसलेला असे, पण त्याच्याकडे पाठ. नळी गळ्यात असायची. ती कोणाच्या छातीला लागलेली मी क्वचित पाहिली. रोगी सांगायला लागला, "साहेब, मले इथी दुखते," की ते हात वर करायचे, "थांबा, फोटो सांगेल."

आणि एक नियम होता. पेनिसिलीनच्या कुप्या लोखंडी पेटीत, पेटीची किल्ली त्यांच्या खिशात. फोटोत डाग असेल तर सुई. डाग नाही, तर नाही. हा नियम त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात लिहून भिंतीवर लावला होता. ज्यांच्यासाठी लिहिला त्यांतल्या कोणालाच वाचता येत नव्हतं.

दवाखान्यात खरं काम करणारं एकच माणूस होतं, ती मोठी बाई. नर्स. चिमूरकडची, पन्नाशीची, पायानं किंचित लंगडी, आणि जीभ अशी की आरागिरणीनं भाड्यानं मागावी. ती रोग्याजवळ बसायची, त्याच्या पोटावर हात ठेवायची आणि कमरेला खोवलेलं घड्याळ काढून श्वास मोजायची. डॉक्टर तिला म्हणायचे, "बाई, श्वास काय मोजता, आता यंत्र आहे." ती म्हणायची, "मोजते आपली. रिकामा हात बरा नाई वाटत."

माघ महिना होता. आलापल्लीकडून सागानं भरलेला एक ट्रक आला आणि ड्रायव्हरनं ओंडक्यांवरून एका माणसाला उतरवून आमच्या ओसरीत ठेवलं. भामरागडकडचा गोंड, तिशीचा, जंगलात कूपावर, म्हणजे ठेक्याच्या पट्ट्यात, तोडीच्या कामाला होता. आदल्या दिवशी सकाळी हुडहुडी भरली आणि तेव्हापासून उजव्या कुशीत सुरी फिरत होती. बरोबर त्याची बायको. काळीसावळी, ठसठशीत, गळ्यात मण्यांच्या सात-आठ माळा, आणि केस! मी फोटोवाला माणूस, केसांच्या बाबतीत माझा शब्द प्रमाण मानावा. मोहाच्या बियांच्या तेलानं थबथबलेली, मनगटाएवढी जाड वेणी. प्रवासात अंबाडा सुटून ती उजव्या खांद्यावरून पुढे आली होती.

मोठ्या बाईनं त्या माणसाजवळ बसून घड्याळ काढलं. त्याच्या नाकपुड्या फुलत होत्या. खोकला आला की तो कुशी धरून वाकायचा. बायकोनं पळसाच्या पानात त्याची थुंकी धरली होती, ती तिनं बाईला दाखवली. विटेच्या भुकटीसारखी.

"निमोनिया," बाई म्हणाली. "याले आत्ताच सुई पाह्यजे."

डॉक्टर आपल्या खोलीतून म्हणाले, "फोटो."

घंटा वाजवली, करवत थांबली. मी म्हटलं, "दम धर." त्याला कुठला दम धरवतोय! कुशीतल्या कळेनं अर्धा श्वास आत जायचा आणि परत यायचा. तिसऱ्या खेपेला जमलं. मी अंधाऱ्या खोलीत जाऊन फिल्म धुतली, ओलीच लाकडी चौकटीत अडकवून डॉक्टरांच्या पेटीवर लावली. ते पाठीमागे हात बांधून बराच वेळ उभे राहिले.

"साफ आहे," ते म्हणाले. "घरी पाठवा."

मोठी बाई दारात उभी होती. "साहेब, त्याले एकदा पहा तरी."

"पाहिलं की! हे काय?" आणि त्यांनी फोटोवर बोट वाजवलं.

"फोटो आज साफ आहे साहेब. रोग कालचा आहे. आमच्या इकडं बोडीचा, शेतावरच्या तळ्याचा, बांध फुटला तर धानात पाणी लगेच दिसत नाई. आधी खालची माती पिते. आन् मग पाणी बंद केलं तरी चिखल आठ दिस हटत नाई. छातीचं बी तसंच राह्यते."

"बाई," डॉक्टर अतिशय गोड आवाजात म्हणाले, "हे शेत नाही."

आता याच वेळी त्या बायकोला खोकला आला. ट्रकवरची धूळ, मागून ड्रायव्हरच्या बिडीचा धूर, खोकला येणारच. डॉक्टरांनी मान वळवली. दिवसातून एकदा ते माणसाकडे पाहायचे, आणि तेही नको त्या माणसाकडे.

"हिचा फोटो काढा."

"मले कायले?" ती म्हणाली. "मी चांगली आहे. त्याले औषिद द्या."

मी तिला फिल्म बसवलेल्या पाटीसमोर उभं केलं. माळा काढ म्हटलं तर काढेना. शेवटी तिनं सगळ्या माळा वर ओढून दातांत धरल्या आणि माझ्याकडे असं पाहिलं की पुढे काही बोलायची माझी छाती झाली नाही. वेणीचा मी विचारच केला नाही. अंगातून आरपार जाणारे किरण, त्यांना केसांचं काय, असं मला वाटलं. माझ्या शिक्षणाचे चार दिवस लक्षात घ्या.

फोटो धुतला. उजव्या बाजूला वरती, खांद्याच्या हाडाखाली, ढगासारखा पांढुरका डाग. डॉक्टरांचा चेहरा लग्नातल्या व्याह्यासारखा फुलला.

"बघा! निमोनिया! उजवा, वरचा भाग! मी चांगली आहे म्हणत होती ना? आणि तो कण्हतोय त्याची छाती आरशासारखी. म्हणून म्हणतो, यांच्या सांगण्यावर जाऊ नका. लगेच सुई. सकाळ-संध्याकाळ, सात दिवस."

मी फोटो खाली काढताना जवळून पाहिला. ढगात बारीक रेघा होत्या. एकमेकांत गुंतलेल्या, तीन पेडांच्या, वरून खाली बारीक होत गेलेल्या. निमोनियाला मी ओळखत नव्हतो, पण वेणी? हजार वेण्या मी पडद्यासमोर खांद्यावरून पुढे घ्यायला लावल्या आहेत.

"साहेब," मी म्हटलं, "ही हिची वेणी आहे."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, कीव करत. "तुम्ही फोटो काढा. वाचायला मी सहा वर्षं शिकलो आहे."

सहा वर्षं! वेणी ओळखायला कोणत्याही घरातली चार वर्षांची पोर पुरे होती. मी "बरं" म्हटलं. तेवढ्यात मोठ्या बाईनं दाराआडून माझी बाही धरून मला ओसरीत ओढलं.

"काय बोलून राह्यले होते तुमी? वेणी म्हणून?"

"वेणीच आहे बाई, देवाशपथ."

"असू द्या. तोंड बंद ठेवा भाऊ. तिच्या नावानं पेटी उघडून राह्यली. तिची वेणी गेली तर याची सुई गेली." आणि आवाज खाली आणून ती म्हणाली, "सुई कोणाच्या अंगात गेली ते तर फोटोत निंगत नाई ना?"

मी आयुष्यात अनेकांचं कौतुक केलं आहे, बहुतेक पैशासाठी. त्या क्षणी मी त्या बाईच्या पाया पडलो असतो, पण ती लंगडत निघून गेली.

असं ते नाटक उभं राहिलं. दवाखान्याच्या वहीत रोगी म्हणून बायको, नातेवाईक म्हणून नवरा. नियमाप्रमाणे रोगी खाटेवर आणि नातेवाईक खाली चटईवर. आमच्याकडे उलटं. तो खाटेवर, डोक्यापर्यंत दवाखान्याचं लाल ब्लँकेट. ती खाली चटईवर बसून भात खायची, आणि चांगला दोन माणसांचा खायची. डॉक्टर एकेक कुपी मोजून बाईच्या हातात द्यायचे. "खाट तीन, उजवा वरचा भाग," असं म्हणायचे. बाई सुई भरायची, पडदा ओढायची, आणि सुई ज्याला लागायची त्याला लागायची.

ती बायको पहिल्यांदा घाबरली. "बाई, साहेबाले समजन तर?"

"साहेबाले समजाले आधी पहाले लागते, पोरी. तू भात खा."

दुसऱ्या दिवशी मात्र आमचं हसू गेलं. ताप खाली येईना. तो बडबडायला लागला, गोंडीत, कोणाला तरी हाका मारत होता. ओठ काळे पडले. बाईनं घड्याळ काढलं, मोजलं, परत मोजलं आणि मला आकडा सांगितला नाही. बायको भाताच्या ताटलीला शिवली नाही. भिंतीला टेकून बसली होती, दोन्ही हातांत त्याचं पाऊल धरून.

"बाई, हा मरून राह्यला," ती म्हणाली. विचारत नव्हती.

"नाई मरत," बाई म्हणाली. पण माझ्याकडे बघायचं तिनं टाळलं. सुईला उशीर झाला असता तर तो त्या भिंतीवरच्या वळणदार अक्षराच्या नियमानं मेला असता, आणि वहीत नातेवाईक मेला अशी नोंद झाली असती. छाती साफ.

त्याच वेळी ओसरीत बूट वाजले. आठवड्यातून एकदा डॉक्टर खोल्यांतून फेरी मारत, तो नेमका तो दिवस. बायकोला खाटेवर चढायला वेळ नव्हता. बाईनं ब्लँकेट त्याच्या डोक्यावरून ओढलं आणि बायकोला माझ्या मागे ढकललं. दार उघडलं. डॉक्टर खाटेपासून चार हातांवर उभे राहिले. लाल ब्लँकेट भात्यासारखं खालीवर होत होतं.

"कशी आहे?"

"जरा जास्ती आहे साहेब," बाई म्हणाली.

डॉक्टर ब्लँकेटकडे पाहत राहिले. मी माझ्या मनात मारुतीला नारळ बोलून टाकला. पण ते पुढे आले नाहीत, ब्लँकेटचं टोकही त्यांनी उचललं नाही. त्यांनी मान डोलावली.

"श्वास फार चालतोय. चालणारच. फोटोतच दिसतंय ते." आणि माझ्याकडे वळून, विजयी मुद्रेनं: "वेणी म्हणे!"

माझ्या पाठीला चिकटून उभ्या असलेल्या निमोनियाच्या रोगिणीनं माझ्या सदऱ्यात तोंड खुपसलं. ती रडत होती की हसत होती, मला आजही सांगता येणार नाही. सदरा ओला झाला एवढं खरं.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याला दरदरून घाम सुटला. ब्लँकेट पिळून वाळत घालावं लागलं. त्यानं डोळे उघडले, छताकडे पाहिलं आणि पेज मागितली. बाई एवढंच म्हणाली, "झालं," आणि विहिरीवर जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिली.

पण सुई सात दिवस द्यायची होती, आणि डॉक्टरांनी चौथ्या दिवशी बायकोचा नवा फोटो मागितला. डाग गेला असेल तर सुई बंद. इथं माझ्यातला जुना स्टुडिओवाला जागा झाला. बायकोला मी पाटीसमोर उभं केलं आणि सवयीनं म्हटलं, "बाई, वेणी पुढं घे." तिनं माळा दातांत धरल्या होत्या, तरी तिला समजलं. आख्खी वेणी नको, हे मला कळत होतं. औषध चालू आहे, तर थोडा गुण दिसायला हवा. म्हणून वेणी सोडवून अर्धे केस पाठीवर टाकले, अर्ध्यांचा सैल पेड पुढे घेतला. एखाद्या नवरीचा फोटो काढताना घेतली नसेल एवढी काळजी मी त्या निमोनियाची घेतली.

"वा!" पेटीसमोर डॉक्टर म्हणाले. "विरळ होतंय. बघितलंत? कडा मोडताहेत. औषधाला उत्तम प्रतिसाद."

"हो साहेब," मी म्हटलं. "कडा अगदी सुटल्यात."

सहाव्या दिवशी मी फक्त दोन बोटं जाड बट खांद्यावर ठेवली. "अगदी थोडं राहिलंय." सातव्या दिवशी सातही दिवसांच्या सुया झाल्या, तेव्हा तिनं विहिरीवर केस धुतले, डोक्यावर घट्ट अंबाडा बांधला, आणि फोटो निर्मळ निघाला. डॉक्टरांनी चारही फोटो एका ओळीत लटकवले आणि व्यापाऱ्यांना बोलावून दाखवले. व्यापारी "अद्भुत, अद्भुत" म्हणत होते. मीही मागे उभा राहून म्हणालो. एका बाईच्या केशरचनेचं असं प्रदर्शन त्या जिल्ह्यात आधी झालं नसावं.

नवरा तेव्हा ओसरीत उन्हात बसून विडी ओढत होता. चार दिवसांत ताप नाही, दोन वेळा भात, आणि विहिरीचं पाणी शेंदून मोठ्या बाईचे हंडे भरून देत होता. मोहाची फुलं पडायचे दिवस जवळ आले होते. वर्षभराचं घरचं गणित त्या फुलांवर चालतं. पहाटे झाडाखाली आपण नसलो तर दुसरा कोणी वेचून नेतो. दोघांनी बोचकं बांधलं. तेवढ्यात डॉक्टर व्यापाऱ्यांना निरोप द्यायला बाहेर आले आणि त्यांची नजर त्याच्यावर पडली. पाहुण्यांसमोर अंगात संचारतं तसं त्यांच्या अंगात आलं.

"हा तिचा नवरा ना? सात दिवस तिच्याजवळ होता. याचाही घ्या एक फोटो."

बाई काही म्हणणार होती. मी घंटा वाजवून बसलो होतो. हुकमाची सवय. तो या वेळी पाटीसमोर ताठ उभा राहिला, मी "दम धर" म्हटल्यावर असा दम धरला की मी सोड म्हणायला विसरलो तरी धरून राहिला असता.

फिल्म धुताना लाल दिव्यात मी ती वर धरली. उजव्या बाजूला, खाली, भला मोठा डाग. खरा डाग. चिखल. पाणी गेलं होतं, चिखल राहिला होता, बाईनं सांगितला तसा. आठ दिवसांपूर्वी तो मरत होता तेव्हा याच ठिकाणी काही नव्हतं.

डॉक्टर पेटीसमोर जवळजवळ नाचले.

"लागण! बायकोकडून लागण! आठ दिवसांपूर्वी साफ होता, मीच पाहिला होता! आता बघा! खाटेवर घ्या त्याला. हलता कामा नये. सुई सुरू."

"साहेब, तो चांगला झाला आहे," बाई म्हणाली. "आत्ता त्यानं चार हंडे भरले."

"चार हंडे! या फुप्फुसानं? बाई, हा माणूस चालू शकत नाही."

आम्ही तिघं ओसरीत आलो. जो माणूस चालू शकत नव्हता तो नव्हता. बोचकंही नव्हतं. सडकेवर, आरागिरणीच्या पुढं, दोन माणसं जंगलाच्या दिशेनं चालली होती, पुढचा लांब टांगा टाकत, मागची डोक्यावर बोचकं घेऊन. बाईनं डोळ्यांवर हात धरून पाहिलं.

"चालू शकत नाई," ती म्हणाली. "पळून राह्यला."

डॉक्टरांनी वहीत लिहिलं: अत्यवस्थ, पळून गेला. त्याचा फोटो मात्र त्यांनी जपून ठेवला आणि येईल त्याला दाखवू लागले. "हा माणूस आता जिवंत नसणार," ते म्हणायचे. आवाजात थोडं दुःख, पुष्कळ समाधान.

चैत्रात त्यांना जंगलातली गावं बघायची हुक्की आली. मी औषधाची पेटी घेऊन बरोबर. भामरागडच्या अलीकडे नदीपाशी जीप वाळूत रुतली. पाणी कमरेपर्यंत होतं. साहेब लोकांना खांद्यावर बसवून पलीकडे न्यायची तिकडे पद्धतच होती. वाटाड्यानं हाक मारली आणि पलीकडच्या काठावरून एक माणूस पाण्यात उतरून आला. मी त्याला लांबूनच ओळखलं. त्यानंही मला ओळखलं, पण चेहऱ्यावरची रेघ हलू दिली नाही. खाली बसला. डॉक्टर बूट माझ्या हातात देऊन त्याच्या खांद्यावर चढले. डॉक्टर चांगले भरलेले गृहस्थ होते. तो उठला आणि सरळ पाण्यात चालायला लागला.

मी मागून, एका हातात बूट, डोक्यावर पेटी. डॉक्टरांनी घाबरून त्याचं डोकं दोन्ही हातांनी धरलं होतं. ज्या छातीसमोर ते तासन् तास उभे राहिले होते ती त्यांच्या दोन्ही पोटऱ्यांच्या मध्ये होती, आणि त्यांना पत्ता नव्हता. असणार कसा? त्यांनी त्या माणसाचं तोंड कधी पाहिलं होतं? मधोमध धार जोराची होती. डॉक्टर डुलले, ओरडले. खालून शांत आवाज आला:

"साहेब, दम धरा. हालू नका."

अक्षरशः माझ्याच सुरात. पेटी माझ्या डोक्यावरून पडता पडता राहिली.

पलीकडे काठावर त्यानं डॉक्टरांना उतरवलं. त्याचा श्वासही वाढला नव्हता. धापा टाकत होते ते डॉक्टर. त्यांनी त्याच्या ओल्या छातीकडे पाहिलं, पहिल्यांदाच, आणि मला म्हणाले, "बघा, काय छाती आहे! जंगलातली माणसं. यांना निमोनियाबिमोनिया होत नाही."

"नाही साहेब," मी म्हटलं आणि त्यांचे बूट खाली ठेवले.

काठावर मोहाची फुलं वाळत घातली होती. त्यांच्या पलीकडे ती उभी होती, टोपली कमरेवर, वेणी उजव्या खांद्यावरून पुढे. डॉक्टरांनी तिच्याकडे वळून पाहिलं. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मानेला झटका देऊन वेणी पाठीवर टाकली.